पौर्णिमेचा चंद्र भर उन्हात असतो, फोटोही तसाच काढा

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पौर्णिमा होऊन गेली की वाचकांनी पाठवलेल्या चंद्राच्या फोटोंना आपण जागा देता ते मी दर महिन्याला आवर्जून बघते, आणि हे चालू ठेवल्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण रात्री बाहेर पडून वर बघणारी माणसं त्यामुळे वाढतायत हे नक्की. पण त्या पानावर फिरून फिरून दोनच प्रकारचे फोटो दिसतात. एक म्हणजे काळ्याकुट्ट आकाशात पांढराफटक गोळा, ज्यात एक डागही दिसत नाही, आणि दुसरा म्हणजे इमारतीच्या नाहीतर डोंगराच्या डोक्यावर बसलेला इतका अवाढव्य चंद्र की तो तिथे तसा असूच शकत नाही. शेजारी टिप्सची चौकट असते तिच्यात ट्रायपॉड वापरा, अंधाऱ्या जागी जा, धीर धरा एवढंच. अहो ट्रायपॉड लावूनही पांढरा गोळाच येणारे, कारण अडचण हात हलण्याची नाहीच्चे मुळात. म्हणून हे पत्र लिहितेय, लांबलंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर कापा पण एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याचा, भाग तेवढा ठेवा ही विनंती.

गोष्ट अशी आहे की रात्र झाली म्हणून आपण रात्रीचा फोटो काढायला निघतो आणि कॅमेराही तसंच धरून चालतो, पण चंद्रावर त्या वेळी भर दिवस असतो. पौर्णिमेला आपल्याकडे वळलेल्या सगळ्या बाजूवर सूर्याचं थेट ऊन पडलेलं असतं, मध्ये ढग नाहीत, हवा नाही, काही नाही. म्हणजे आपण जो फोटो काढतोय तो उन्हात पडलेल्या दगडाचा फोटो आहे, फक्त तो दगड सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब आहे. त्यातून चंद्राची जमीन चांगलीच काळपट आहे, अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण १२ टक्केच ती परत पाठवते, म्हणजे आपल्या जुन्या डांबरी रस्त्याच्या जवळपास. ती एवढी लख्ख दिसते कारण तिच्या आजूबाजूला काळं आकाश असतं. कॅमेरा ऑटोवर असला की तो अख्ख्या फ्रेमचा उजेड मोजतो, त्याला नव्वद टक्के काळं दिसतं, तो म्हणतो फार अंधार आहे बाबा, शटर जास्त वेळ उघडं ठेवूया, आणि चंद्र पार जळून जातो. एवढीच भानगड आहे.

उन्हातल्या फोटोंसाठी जुने लोक 'सनी १६' नावाचा नियम वापरायचे, एफ/१६ अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान) ठेवा आणि जेवढा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) तेवढ्याने एक सेकंदाला भागून शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं ते) घ्या. चंद्रासाठी त्याचंच भावंड आहे, 'लूनी ११'. अ‍ॅपर्चर एफ/११, आयएसओ १००, शटर १/१०० म्हणजे कॅमेऱ्यावर जवळचा १/१२५. बस. आयएसओ २०० केला तर १/२५०. बहुतेक लेन्स एफ/८ ला सगळ्यात छान टोकदार फोटो देतात, तर एफ/८ आणि आयएसओ १०० ठेवून १/२०० किंवा १/२५० घ्या, तेही तेच एक्स्पोजर झालं. मी स्वतः सुरुवात इथून करते आणि मग एक पायरी वर एक पायरी खाली (पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) असे दोन जास्तीचे काढून ठेवते. हा नियम चंद्र चांगला वर आलेला असताना आणि आकाश स्वच्छ असतानाचा आहे हं, क्षितिजाजवळ चंद्राचा उजेड जाड हवेतून येतो म्हणून तो बराच मंद असतो, तिथे शटर दोन-तीन पायऱ्या तरी हळू करावं लागतं, धूळ-धुकं असेल तर आणखी. आणि नियम पौर्णिमेचा आहे. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून निम्मा तेजस्वी असेल असं वाटतं पण तो पौर्णिमेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच असतो, कारण तिरक्या उन्हात तिथल्या खड्ड्यांच्या नि डोंगरांच्या सावल्या पडतात आणि पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असल्यामुळे सावल्याच दिसत नाहीत.

या उजेडाचा आकडा कसा पक्का असतो त्याचं एक उदाहरण फोटोग्राफीच्या इतिहासातलं आहे. १९४१ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधून गाडीने जाताना अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या फोटोग्राफरला हर्नांडेझ नावाच्या छोट्या गावावर चंद्र उगवलेला दिसला, खाली दफनभूमीतल्या क्रूसांवर मावळतीचं शेवटचं ऊन होतं. गाडी थांबवून भलामोठा कॅमेरा काढला आणि उजेड मोजायचा मीटरच सापडेना. पण चंद्राची चमक किती असते हा आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून जागच्या जागी हिशोब करून त्यांनी एक निगेटिव्ह काढली, दुसरी काढायच्या आत क्रूसांवरचं ऊन गेलं. आज तो फोटो जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या फोटोंपैकी एक आहे. आपल्या हातात आज मीटर, स्क्रीन, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) सगळं आहे, तरी तो एक आकडा डोक्यात असला की बाकी सगळं सोपं होतं. आणि आणखी एक बघा, त्या फोटोतला चंद्र पौर्णिमेचा नाहीये, पौर्णिमा व्हायची होती अजून, त्याबद्दल पुढे लिहितेच.

आता फोनवाल्यांसाठी, कारण जास्त फोटो फोनवरच निघतात. ऑटोवर असाल तर स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे लॉक होईल, मग बोट खाली ओढून उजेड कमी कमी करत न्या, चंद्रावरचे डाग दिसेपर्यंत. आजूबाजूचं सगळं काळं होईल, होऊ दे. नाइट मोड बंद करा, तो नेमका उलटं काम करतो. फोनमध्ये प्रो मोड असेल तर आयएसओ ५०, शटर १/५०० ते १/१००० यामध्ये कुठेतरी बसेल, फोनच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर मोठं असतं आणि ते बदलता येत नाही म्हणून शटर एवढं जोरात लागतं. फोनची नेहमीची लेन्स इतकी वाइड असते की चार हजार पिक्सेल रुंद फोटोत चंद्र जेमतेम पंचवीस-तीस पिक्सेलचा येतो, त्याला बोटांनी ताणून मोठं केलं तर तेच पंचवीस पिक्सेल मोठे होणार, नवीन काही येणार नाही. पाचपट खरी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स असेल तर सव्वाशे पिक्सेलच्या आसपास जातं, त्यात मोठे डाग ओळखू येतात. त्याहून जास्त हवं असेल तर दुर्बिणीच्या आयपीसला (डोळा लावायच्या काचेला) फोन टेकवून काढा, बाजारात त्यासाठी क्लॅम्प मिळतात, साध्या १० x ५० दुर्बिणीतूनसुद्धा फोनवर असा चंद्र येतो की दाखवल्यावर लोकांना खरं वाटत नाही, फक्त दुर्बीण कशावर तरी पक्की ठेवायची.

फोनच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वाचकांना सांगायलाच हवी. काही फोनमध्ये असं सॉफ्टवेअर असतं की जे 'हा चंद्र आहे' हे ओळखतं आणि आधी शिकून ठेवलेल्या माहितीवरून त्यावर बारकावे चढवतं. २०२३ मध्ये यावर जगभर मोठी चर्चा झाली होती, एकाने मुद्दाम धूसर केलेला चंद्राचा फोटो कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावून लांबून फोनने त्याचा फोटो काढला आणि फोनने त्यात मूळ फोटोत नसलेले डाग-खड्डे दाखवले. अशा फोटोत दिसतं ते सगळं तुमच्या लेन्सने पाहिलेलं असतंच असं नाही. ज्यांना खरा आपला चंद्र हवाय त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन सीन ओळखायचं फीचर बंद करावं आणि शक्य असेल तर रॉ फाइलमध्ये (फोनने सजवलेली नसते अशी मूळ फाइल) फोटो घ्यावा. थोडा मऊ येईल, पण तुमचा असेल.

कॅमेरावाल्यांना बाकीचं थोडक्यात सांगते. फोकस मॅन्युअलवर घ्या, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) चंद्राची कड दहापट मोठी करून बघा आणि कड टोकदार होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा, लेन्सवरच्या इन्फिनिटीच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, बऱ्याच लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद ठेवा, काही नव्या लेन्सना ट्रायपॉड आपोआप कळतो पण बंद ठेवल्याने नुकसान काही नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) डेलाइटवर, कारण परत तेच, ऊन आहे ते. स्पॉट मीटरिंग (फक्त चंद्रावरचा उजेड मोजणं) जमत असेल तर उत्तम, नाहीतर सरळ मॅन्युअल मोड. हिस्टोग्रामचा डोंगर उजव्या, म्हणजे उजेडाच्या, भिंतीला चिकटता कामा नये. आणि घरातून, एसीतून काढलेला कॅमेरा लगेच रोखू नका, लेन्सला बाहेरच्या हवेची सवय व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत काचेवर दव धरतं नाहीतर आतल्या हवेमुळे कडा थरथरतात. खिडकीच्या काचेतून तर नकोच नको.

ज्यांना चंद्राचा क्लोजअपच पाहिजे त्यांना एक मनापासूनचं सांगणं आहे की पौर्णिमेची वाट बघू नका. पौर्णिमेला ऊन सरळ समोरून पडतं त्यामुळे चंद्र सपाट दिसतो, खड्डे-डोंगर काही उठत नाहीत. षष्ठी ते दशमीच्या दरम्यान उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर बघा, तिथे प्रत्येक खड्ड्याची सावली लांब पडलेली असते, तोच कॅमेरा आणि तीच लेन्स पण फोटोत जमीन आस्मानाचा फरक. पौर्णिमेला बघण्यासारखं वेगळं असतं ते म्हणजे रंगछटा आणि किरणं. खाली दक्षिणेकडे टायको नावाचा सुमारे ८५ किलोमीटर रुंद खड्डा आहे, त्यातून निघालेले पांढरे पट्टे अर्ध्या चंद्रावर पसरलेले दिसतात, कोपर्निकस आणि केप्लर या खड्ड्यांचेही दिसतात, आणि ते पट्टे पौर्णिमेच्या सुमारालाच सगळ्यात छान उठून दिसतात. म्हणून पौर्णिमेच्या क्लोजअपला एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, उजेड थोडा उतरवा, पट्टे वर येतात. ज्यांना हौस आहे त्यांनी एकामागोमाग पन्नास-शंभर फ्रेम घेऊन स्टॅक कराव्यात, म्हणजे एकावर एक रचून त्यांचा एक फोटो करावा, त्याची मोफत सॉफ्टवेअर आहेत, हवेची थरथर त्यातून बरीच जाते. आणि हो, क्लोजअपसाठी चंद्र जेवढा डोक्यावर तेवढं चांगलं, क्षितिजाजवळ हवा खूप मध्ये येते.

क्षितिजावरचा मोठा चंद्र हा मात्र सगळ्यांचा लाडका विषय, आणि पुष्कळ गैरसमज इथेच आहेत म्हणून इथे जरा थांबते. उगवताना चंद्र मोठा दिसतो हा डोळ्यांचा, खरंतर मेंदूचा, खेळ आहे. फोटो काढून मोजा, उगवतानाचा आणि मध्यरात्रीचा आकार सारखाच भरतो, उलट उगवताना तो आपल्यापासून किंचित लांब असतो म्हणून अगदी थोडासा लहानच असतो, आणि हवेमुळे वरखाली चेपलेला दिसतो. आकाशात चंद्राची रुंदी अर्धा अंश, उगवताना असो की डोक्यावर, जवळपास तेवढीच. सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चकतीवर) तो केवढा येणार याचा सोपा हिशोब आहे, लेन्सवर लिहिलेल्या एमएमला, म्हणजे फोकल लेंथला, ११० ने भागा. २०० एमएमची लेन्स असेल तर चंद्र सेन्सरवर दोन मिलिमीटरपेक्षाही कमी, ५०० एमएमला साडेचार मिलिमीटर. फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या आकाराच्या) सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते, म्हणजे फ्रेम भरायला २००० एमएमच्या पुढे जावं लागतं. हे कळलं की ५० एमएमच्या लेन्सने काढलेल्या शहराच्या फोटोत पानाच्या एक तृतीयांश चंद्र कसा आला असा प्रश्न आपोआप पडतो. सुपरमूनला, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाच्या पौर्णिमेला, तर उगाच डोक्यावर घेतलंय. चंद्राचं अंतर सुमारे ३ लाख ५६ हजार ते ४ लाख ६ हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलतं, त्यामुळे सगळ्यात जवळची पौर्णिमा सगळ्यात लांबच्या पौर्णिमेपेक्षा १४ टक्के रुंद दिसते, आणि सरासरी पौर्णिमेपेक्षा जेमतेम ७ टक्के. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक डोळ्यांना कळत नाही. सुपरमून हे नावही खगोलशास्त्रज्ञांनी दिलेलं नाही, १९७९ मध्ये रिचर्ड नॉल या ज्योतिषाने वापरलेलं आहे.

मग खरा मोठा चंद्र येतो कुठून? चंद्र मोठा करता येत नाही, समोरची वस्तू लहान करता येते, आणि ती लहान होते लांब गेल्याने. इथे परत तोच ११० चा आकडा कामाला येतो. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट अंतरावरून बघितली की बरोबर चंद्राएवढी दिसते. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस दोनशे मीटरच्या जरा अलीकडे उभा असेल तर त्याच्या पाठीमागे चंद्र त्याच्याएवढा. तीस मीटरचा मनोरा असेल तर तुम्ही सव्वातीन किलोमीटर लांब जायचं. आणि मग ४००-६०० एमएमची लेन्स लावायची. म्हणून या फोटोंची खरी मेहनत कॅमेऱ्यात नसून नकाशावर असते, आधी वस्तू ठरवा, उंची शोधा, अंतर काढा, मग चंद्र त्या दिवशी कुठल्या दिशेला उगवणार ते बघा आणि नकाशावर उलटी रेघ ओढून उभं राहायची जागा शोधा. फोटोपिल्स, द फोटोग्राफर्स इफेमेरिस यासारखी अ‍ॅप्स हे काम करून देतात, स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर पण दिशा-वेळ मिळते. दिशा दर महिन्याला बदलते हे विसरू नका. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, त्यामुळे ज्या महिन्यांत सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो त्या महिन्यांत पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडे सरकून उगवतो, आणि उलट. गेल्या महिन्याच्या जागेवर जाऊन उभं राहिलं तर चंद्र भलतीकडेच निघणार.

जागेवर पोचल्यावर घाई फार होते, कारण चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. मनोऱ्याच्या मागे बरोबर मध्ये बसलेला चंद्र तुम्ही सेटिंग बघेपर्यंत बाहेर आलेला असतो. तेव्हा ट्रायपॉड उचलून आपणच सरकायचं, चंद्र उजवीकडे गेला तर आपण डावीकडे. किती? वर धरलेल्या तीस मीटरच्या मनोऱ्याच्या हिशोबात चंद्राच्या एका रुंदीसाठी तीस मीटर. म्हणून दोन्ही बाजूंना पळायला मोकळी जागा असलेलं ठिकाण निवडा, ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि ऐन वेळी कुंपण आडवं येतं.

आता पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचं. मला विचाराल तर चंद्रोदयाचा फोटो काढायचा सगळ्यात चांगला दिवस चतुर्दशीचा, पौर्णिमेचा नव्हे. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तो धुरकटातून वर येऊन नीट दिसायला लागेपर्यंत जमिनीवर अंधार झालेला असतो, मग एकतर चंद्र बरोबर येतो नि खालचं सगळं काळं, नाहीतर खालचं दिसतं नि चंद्र पांढरा. आदल्या दिवशी तो साधारण पाऊण तास आधी उगवतो, ठिकाण आणि ऋतूप्रमाणे कमी जास्त, म्हणजे सूर्यास्ताला तो छान वर आलेला असतो आणि जमिनीवर अजून उजेड असतो, दोन्ही एकाच फोटोत मावतात. सूर्यास्तानंतरची वीसेक मिनिटं सोन्यासारखी. चंद्र कडेला किंचित कमी असतो, पण बघणाऱ्याला तो कळत पण नाही. लवकर उठणाऱ्यांसाठी हेच उलट, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. तेव्हा चंद्र सूर्य उगवल्यानंतर मावळतो, उजेड तसाच समसमान मिळतो आणि पहाटेची हवा बहुतेक वेळा जास्त शांत असते. मला स्वतःला पहाटेचा चंद्र जास्त आवडतो, गर्दी नसते.

ज्यांच्याकडे मोठी लेन्स नाही त्यांनी चंद्राचा फोटो काढण्याऐवजी चांदण्याचा काढावा, हे फार कमी लोक करतात आणि ते इतकं सुंदर दिसतं. कॅमेऱ्याची पाठ चंद्राकडे करा. पौर्णिमेचं चांदणं उन्हापेक्षा साधारण चार लाख पट मंद असतं, पण एफ/२.८, आयएसओ ८०० आणि पंधरा सेकंदांच्या आसपास शटर ठेवलं की फोटो दिवसासारखा येतो, आकाश निळं, झाडं हिरवी, आणि वर चांदण्या. दिवसासारखा नको असेल तर एक-दोन पायऱ्या कमी करा. पातळ ढग असतील तर चंद्राभोवती खळं पडतं, त्याची त्रिज्या २२ अंशांची असते म्हणजे अख्खं खळं फ्रेममध्ये घ्यायला २४ एमएम किंवा त्याहून वाइड लेन्स पाहिजे, इथे फोनची वाइड लेन्स कामाला येते.

आता संपादक महाशय, तुमच्याकडच्या मंडळींसाठी. फोटो निवडताना चिकटवलेला चंद्र ओळखणं अवघड नाहीये. पौर्णिमेचा चंद्र आणि मावळतीचे रंग एकाच दिशेला दिसत असतील तर तो फोटो खोटा, चंद्र समोरच्या बाजूला असतो. चंद्राच्या पुढून ढग जाण्याऐवजी चंद्रच ढगाच्या पुढे आलाय असे फोटो तर छापून पण आलेत. भरगच्च तारे आणि चंद्रावरचे बारीक डाग एका क्लिकमध्ये येऊ शकत नाहीत, ताऱ्यांना पंधरा-वीस सेकंद लागतात नि चंद्राला सेकंदाचा शंभरावा भाग. आणि एक खूण फारशी कोणाला माहीत नाही, चंद्राच्या एका कडेजवळ मेअर क्रायसियम नावाचा एकटा, लंबगोल काळा डाग आहे, तो उगवताना वरच्या बाजूला असतो आणि मावळताना खालच्या. उगवत्या चंद्रात तो डाग खाली दिसला तर चंद्र दुसऱ्या फोटोतून आलाय.

दोन-तीन फोटो एकत्र करणं म्हणजे पाप आहे असं मी म्हणत नाहीये. चंद्राचा एक आणि जमिनीचा एक असे दोन एक्स्पोजर घेऊन त्याच जागी, त्याच लेन्सने जोडलेला फोटो प्रामाणिक असतो, डोळ्यांना जे दिसलं ते दाखवायला कधी कधी तेच करावं लागतं. पण तसं खाली लिहा. जो मुलगा किंवा मुलगी दोन किलोमीटर लांब जाऊन, नकाशावर रेघा मारून, एका मिनिटाच्या संधीत खरा फोटो काढते तिच्या शेजारी चिकटवलेला तिप्पट मोठा चंद्र छापला की तिचा फोटो फिका वाटतो, आणि पुढच्या वेळी ती पाठवत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून तीन विनंत्या. प्रत्येक फोटोखाली वेळ, लेन्स, शटर-अ‍ॅपर्चर-आयएसओ आणि एकच फोटो की जोडलेला हे छापा, नवीन शिकणाऱ्याला त्या एका ओळीतून चौकटीतल्या सगळ्या टिप्सपेक्षा जास्त कळतं. सुपरमूनच्या बातमीत 'नेहमीपेक्षा प्रचंड मोठा' असं लिहू नका, टक्के लिहा. आणि फोटोंचं आवाहन पौर्णिमेच्या दिवशी सकाळी न करता निदान दोन दिवस आधी करा, सोबत चतुर्दशी आणि पौर्णिमा दोन्ही दिवसांच्या सूर्यास्ताच्या नि चंद्रोदयाच्या वेळा द्या. वेळा देताना एवढी ओळ घाला की छापलेली वेळ सपाट क्षितिजाची असते, पुढे डोंगर किंवा इमारती असतील तर चंद्र दिसायला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, नाहीतर लोक पाच मिनिटं वाट बघून निघून जातात.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक